पहिल्या रांगेतले चोवीस दिवे

खान्देशात समुद्र नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण नरडाण्याच्या एमआयडीसीत, दिव्यांच्या एका कारखान्याच्या मागच्या खोलीत तो होता. धान्याच्या कोठीएवढी पेटी, वर झाकण आणि आत रात्रंदिवस उबदार, खारं धुकं. त्या खोलीची किल्ली गेली एकोणीस वर्षं कोकिळाच्या कमरेला होती.

हा कारखाना घरात लावायचे दिवे करत नव्हता. भर समुद्रात तेल काढायला उभे केलेले लोखंडी फलाट, बंदरातले धक्के, जहाजांवरचे जिने, असल्या ठिकाणचे दिवे. खाऱ्या दमट वाऱ्यात साधा दिवा सहा महिन्यांत सडतो. यांचा दिवा दहा वर्षं सडता कामा नये. म्हणून ओतीव ॲल्युमिनियमचं कवच, बोटभर जाडीची काच, मध्ये रबराची कडी आणि कवचावर भट्टीत भाजलेला रंगाचा थर. तो थर मिठाला पुरून उरतो की नाही, हे बघायला प्रत्येक मालाबरोबर रंगवलेली एक पट्टी कोकिळाच्या पेटीत जायची, हजार तासांसाठी. म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस. शुद्ध पाण्यात शंभराला पाच मीठ घालायचं, पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवून ते खरंच शुद्ध आहे ना ते आधी बघायचं, नरसाळ्यात धुकं किती साठलं ते रोज सकाळी वहीत टिपायचं. कोकिळा सातवी शिकलेली. पण पट्टीवरचा फोड बघून ती सांगायची: स्क्रूपाशी आहे, म्हणजे कुणीतरी वॉशर विसरला, कडेला आहे, म्हणजे रंग पातळ बसला. नवीन आलेले इंजिनियर आधी हसायचे आणि महिन्याभरात तिलाच विचारायला यायचे. तिने स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. सुरतेच्या गाड्या कारखान्यामागच्या रुळांवरून जायच्या, तेवढाच काय तो संबंध.

तिचा नवरा चुडामण त्याच कारखान्यात, धुलाई आणि रंगाच्या खात्यात. नाकासमोर चालणारा माणूस, बोलणं मोजकं. ओतून आलेली कवचं सात हौदांतून धुवायची, वाळवायची, आकड्यांना टांगायची आणि रंगाच्या भट्टीत सोडायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. धुतलेल्या मालाला उघडा हात लावायचा नाही हा त्या खात्यातला पहिला नियम, कारण घामाचा एक ठसासुद्धा रंगाखाली मीठ होऊन बसतो. एकदा खुद्द मालक बन्सीलालशेठ कौतुकाने एका कवचावर बोट ठेवायला गेले तर चुडामण म्हणाला होता, “शेठ, हात मागे.” शेठ हसले आणि त्यांनी हात मागे घेतला. ही गोष्ट कोकिळाने किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नव्हती.

आणि अशा माणसावर डिसेंबरात खापर फुटलं.

समुद्रातल्या एका फलाटावरून पत्र आलं. त्यांच्या मालातले दोन दिवे सहा महिन्यांत गेले होते. रंगाला फोड आले, फोडाखाली कवच कुरतडलं गेलं, आत पाणी शिरलं आणि दोन्ही दिवे बंद पडले. ते दोन्ही एकाच जिन्यावर होते. अंधारात जिना उतरताना एक कामगार घसरून खालच्या मजल्यावर पडला आणि त्याचं कंबरडं मोडलं. जिवंत होता, पण पुन्हा उभा राहील असं डॉक्टर म्हणत नव्हते. पत्रात विचारलं होतं, कारण काय?

कारण कुणालाच सापडेना. पट्टी तर हजार तास पास झालेली, वहीत कोकिळाच्याच अक्षरात तसं लिहिलेलं. मग ऑफिसात बसून लोकांनी कारण ठरवलं: धुलाई नीट झाली नाही, ऑपरेटरचा हलगर्जीपणा, ऑपरेटरला कामावरून काढलं आहे. कागद टाइप करून चुडामणपुढे ठेवला. तो भांडेल, निदान चार शब्द बोलेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने कागद वाचला, पेन मागितलं आणि सही करून दिली.

कोकिळाचा जीव जळाला तो या सहीवर. “सही काब्र करी तुम्ही?” सही का केली, हेच तिने घरी येऊन विचारलं. “आपली चूक नही शे तर सही काब्र करी?” चुडामण उठून पाणी भरायला गेला. तिला वाटलं, शेठच्या भिडेखातर. बावीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापुढे याची जीभ उचलली नसणार. तिला त्याचा राग आला आणि लगेच त्याची कीवही आली.

पुढचे दिवस मात्र भिडेच्या हिशेबात बसेनात. चुडामणचं जेवण तुटलं. ताटापुढे बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि “भूक नही” म्हणून उठायचा. पारावर जाणं बंद. दाढी वाढली, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. असोद्याला दिलेली मुलगी दिपमाला फोन करायची तर तिच्याशीही बोलेना. जानेवारीतल्या एका दुपारी शेजारची भागाबाई धावत कारखान्याच्या गेटवर आली. चुडामण रुळांच्या बाजूच्या खडीवर उभा होता आणि मालगाडी आली तरी मागे सरकला नव्हता. गँगमनने हाताला धरून ओढला तेव्हा बाजूला झाला. “दखी ऱ्हायंतू,” एवढंच तो म्हणाला. बघत होतो.

त्या दिवसापासून कोकिळा ड्युटीवर जाताना त्याला भागाबाईच्या ओट्यावर बसवून जायला लागली, एखाद्या लहान पोराला ठेवावं तसं. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. या माणसावरचा डाग पुसला तर हा जगेल. नाही पुसला तर हा आपल्या हाती लागणार नाही.

आणि डाग पुसायचं साधन तिच्याचकडे होतं. प्रत्येक मालाच्या पहिल्या रांगेतला एक दिवा नमुना म्हणून फडताळात ठेवायची कारखान्याची पद्धत होती. तिने रविंद्रसाहेबांना गाठलं. रविंद्रसाहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, धुळ्याहून रोज येणारा पन्नाशीचा सरळ माणूस.

“साहेब, त्या मालातला नमुन्याचा दिवा पेटीत घालू द्या. हजार तास. कोरा निघाला तर धुलाई चांगली होती हे सिद्ध होईल की नाही?”

“होईल,” साहेब म्हणाले. “पण कोकिळाबाई, कोरा नाही निघाला तर?”

“निघेल,” ती म्हणाली. “त्यांनी धुतलेला आहे.”

साहेबांनी परवानगी दिली. मग सुरू झालं ते वाट बघणं. रोज सकाळी झाकण उचलायचं, चष्म्यावरचं धुकं पदराने पुसायचं आणि आधी वरची बाजू, मग कडा, मग स्क्रू असं कवच बघायचं. पाच दिवस झाले, कोरं. बारा झाले, कोरं. संध्याकाळी घरी जाऊन ती चुडामणला सांगायची, “आज बी काही नही. दखा तुम्ही, तुमनं नाव साफ व्हई.” तो मान हलवायचा. तिने नवस बोलले, सोमवार धरले, झाकण उचलण्याआधी हात जोडायला लागली. मिठाच्या पेटीला हात जोडणारी बाई जगात ही एकटीच असेल.

सव्विसाव्या दिवशी फोड दिसला.

आधी तिला तो धुक्याचा थेंब वाटला. पुसला, तो गेला नाही. शेजारी दुसरा होता, थोडं वर तिसरा. तिने दिवा बाहेर काढून खिडकीपाशी नेला. एकोणीस वर्षांची सवय कुठे जाते? डोळे आपोआप फोड वाचायला लागले. स्क्रूपाशी एकही नव्हता. कडेला नव्हता. धुलाई कच्ची राहिली असती तर फोड खाचांत आले असते, जिथे हौदातलं पाणी अडकतं तिथे. हे फोड सपाट भागाच्या मधोमध होते, गोल गोल, खालून वर फेकल्यासारखे विखुरलेले, सात-आठ मोठे आणि त्यांच्यामागे बारीक शिंतोडे. कुणीतरी काहीतरी शिंपडलं असावं असे.

शिंपडलं हा शब्द मनात आला आणि तिला आखाजी आठवली.

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि त्या दिवशी दुपारनंतर कारखान्यात थांबायला कुणी तयार नसतं. दिपमालाची लग्नानंतरची ती पहिलीच आखाजी. ती सकाळच्या बसने असोद्याहून येऊन घरी वाट बघत होती. इकडे शेठना त्या मोठ्या मालाचा मुहूर्त आखाजीलाच करायचा होता. एरवी पूजा व्हायची ती शेवटी, माल खोक्यांत भरला की खोक्यांवर. त्या दिवशी माल अजून आकड्यांवर टांगलेला होता, धुऊन वाळलेला, भट्टीची वाट बघत. “आटपा रे,” शेठ म्हणाले, “इथेच करून घ्या पूजा. पोरीबाळी खोळंबल्यात घरी.” चुडामणने पायरीवर नारळ फोडला आणि पाणी तांब्यात धरलं. आंब्याच्या डहाळीने ते पाणी पहिल्या रांगेवर शिंपडलं कोकिळाने. कारखान्यातली जुनी सवाशीण म्हणून तो मान दर वेळी तिचाच असे.

आणि तिने ते नुसतं शिंपडलं नव्हतं. मन लावून शिंपडलं होतं. जिथे कुठे हे दिवे लागतील तिथल्या माणसांना अंधारात राहायची वेळ येऊ नये, असं ती मनात म्हणाली होती.

त्यात मीठ असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. घामात मीठ असतं, बोअरच्या पाण्यात असतं, हे तिला पाठ होतं. पण नारळाचं पाणी? ते गोड. ते देवाचं. आजारी माणसाला पाजतात ते.

तरीही तिची आशा सुटेना. माणूस बुडताना काडी धरतो तशी तिने मीटरची आशा धरली. गेटबाहेरच्या टपरीवरून नारळ आणला, खोलीच्या उंबऱ्यावर फोडला, पाणी काचेच्या भांड्यात घेतलं आणि रोज ज्याने शुद्ध पाणी तपासायची तोच मीटर त्यात बुडवला. शुद्ध पाण्यात आकडा दोनाच्या वर जात नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्यात बाराशे-पंधराशे. नारळाच्या पाण्यात तो चढत चढत साडेपाच हजारांवर जाऊन थांबला. तिने मीटर धुतला, पुसला आणि पुन्हा बुडवला. पुन्हा साडेपाच हजार.

ती जमिनीवर बसली. नारळाची दोन भकलं समोर पडली होती. कुठल्या तरी घरचा एक माणूस तिने शिंपडलेल्या पाण्याने जिन्यावरून पडला होता, आणि पाणी शिंपडताना ती त्याच्यासाठीच देवाला सांगत होती. तोंडात पदर कोंबून ती रडली. पेटीतलं धुकं फुस्स फुस्स करत राहिलं.

रडून झाल्यावर मात्र तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि खोटं कशाला बोला, त्या गोष्टीने तिला बरंसुद्धा वाटलं. चुडामण सुटला होता. धुलाई चांगली होती, चूक त्याची नव्हती, तिची होती. आपलं काय व्हायचं ते होऊ दे, तो तर भाकरी खाईल.

ती तशीच केबिनमध्ये गेली. शेठही तिथेच होते. तिने दिवा टेबलावर ठेवला आणि आखाजीचं सगळं सांगितलं, काही न झाकता. पट्टी पास का झाली तेही सांगितलं: पट्टी टांगलेली असते शेवटच्या आकड्यावर, तिथवर तिचा हात पोचला नव्हता. पहिल्या रांगेत चोवीस दिवे होते. त्यांचे नंबर ठोकलेले आहेत. तेवढेच सडतील, बाकीचे नाही.

रविंद्रसाहेब बराच वेळ फोडांवरून बोट फिरवत होते. “बाई,” ते शेवटी म्हणाले, “निदान राहिलेले दिवे तरी आता उतरवायला सांगता येतील. हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाही कधी कळलं नसतं.”

शेठ खिडकीबाहेर बघत होते. पूजा इथेच आटपा म्हणून कुणी सांगितलं होतं, ते तिघांनाही आठवत होतं. “पूजेचं नाव कागदावर नको,” शेठ म्हणाले. “लोक हसतील आपल्याला.”

मग कागद टाइप झाला. नारळ आणि आखाजी काहीही न लिहिता नुसतं लिहिलं, धुतलेल्या मालावर परवानगीशिवाय पाणी शिंपडलं गेलं. देवाच्या पाण्यालाही परवानगी लागते हे कोकिळाला त्या दिवशी कळलं. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून जुन्या कागदावरचं चुडामणचं नाव तसंच राहिलं होतं, ते साहेबांनी तिच्यासमोर खोडलं आणि तिथे तिचं लिहिलं. तिने सही केली. शेठनी हात जोडून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. तिने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

घरी जाताना ती जवळजवळ धावत होती. भागाबाईच्या ओट्यावरून चुडामणला उठवून घरात नेलं, चूल पेटवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी थापल्या, ठेचा केला, ताट पुढे ठेवलं. बाहेर अजून उजेड होता, गाईम्हशी घरी परतत होत्या.

“जेवा,” ती म्हणाली. “तुमनं नाव खोडी टाकं त्यास्नी. मन्हा डोयासमोर खोडं. आते तुमनावर काही नही.”

चुडामणने दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “मंग कोनं नाव लिखं?”

“मन्हं.” आणि तिने सांगितलं: फोड, आखाजी, डहाळी, मीटरवरचा आकडा, सगळं.

तिला वाटलं होतं तो चकित होईल. रागावेल, रडेल, जवळ घेईल, यातलं काहीतरी करेल. त्याने यातलं काही केलं नाही. त्याचा चेहरा बघता बघता अधिकच पडला.

“दिपमालानी माय,” तो म्हणाला, “हाई काय करं तू? हाईच तुले कळाले नको म्हनीसन मी सही करी व्हती.”

कोकिळाने हातातला तवा खाली ठेवला.

“माले तवयच समजनं व्हतं,” चुडामण म्हणाला. “तू डहाळी झटकी, थेंब पडनात, मी दखं. पत्र उनं, त्यामा फोड लिखेल व्हतात, तवय माले दुसरं काही इचाराले नही लागनं. बठ्ठी, पुरी रांग परत धोवाले पाहिजे व्हती. चाळीस मिनिटनं काम. पन शेठ उभा, पोर घर वाट दखी ऱ्हायंती, आनि तुन्हा चेहरा इतला आनंदी व्हता. मी म्हनं, देवनं पानी शे, काय व्हई? आनि भट्टी चालू करी दिनी.” तो थांबला. “त्यास्नी मन्हं नाव खोटं नव्हतं लिखं.”

शेठना हात मागे घ्यायला लावणारा माणूस बायकोच्या हाताला काही म्हणाला नव्हता. दोन महिने कोकिळा जो डाग पुसायला धडपडत होती तो डाग खोटा नव्हता. चुडामण डागाने झुरत नव्हता. डाग तर त्याने मागून घेतला होता, तिच्या वाटचाही. आणि तिने आज आनंदाने धावत जाऊन तो त्याच्या हातून काढून घेतला होता.

भाकरी निवली.

“एक सांग,” चुडामण म्हणाला. “त्या माणूसनं नाव काय शे?”

“कोन्या?”

“जो पडना त्यानं.”

दोन महिने कोकिळा नावासाठीच मरमर मरत होती. नाव खोडा, नाव लिहा, नाव साफ करा. केबिनमध्ये तिच्यासमोर ती सगळी फाइल उघडी पडली होती. त्या माणसाचं नाव काय हे तिने विचारलं नव्हतं, आणि नरडाण्यात कुणीच विचारलं नव्हतं.

तिने रविंद्रसाहेबांना फोन लावला. साहेब तेव्हा धुळ्याच्या वाटेवर होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बॅगेतून पत्राची प्रत काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बघितली. “नाही हो बाई,” ते म्हणाले. “नाव नाही दिलेलं. ‘एक कंत्राटी कामगार’, एवढंच आहे.”

तिने फोन ठेवला आणि चुडामणला ते सांगितलं. तो हळूहळू मान हलवत राहिला. मग त्याने ताट तिच्याकडे सरकवलं.

“तू तरी जेव,” तो म्हणाला.

“भूक नही,” कोकिळा म्हणाली, आणि तिने भाकरी झाकून ठेवली.